शुगर हलत नव्हती, दात मात्र हलायला लागला

आडवळण

टाइप २ मधुमेहाला माझी ११ वर्षं पूर्ण झाली. डोळ्यांचा पडदा दर वर्षी तपासतो, तळपायाला ती बारीक तार टेकवून संवेदना बघून घेतो, लघवीतली प्रथिनं मोजतो. एकूण गुणी पेशंट. पण एवढ्या वर्षांत एकाही डॉक्टरांनी 'आ करा' म्हटलं नाही, आणि ब्रश केल्यावर थुंकी गुलाबी येते हे मीही कुणाला सांगितलं नाही. दुखत नव्हतं, मग सांगणार काय?

गेल्या वर्षी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ८.४ वर ठाण मांडून बसलं. एक गोळी वाढली, चालणं २० मिनिटांवरून ४० वर नेलं. तीन महिन्यांनी आकडा ८.२. डॉक्टर माझ्याकडे संशयाने बघायला लागले आणि मी ग्लुकोमीटरकडे. अशात एका रात्री जिभेने खालचा पुढचा दात सहज ढकलला, तर तो हलला!

दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे. बाईंनी खुणा केलेली एक बारीक सळई घेतली आणि एकेका दाताभोवती सहा जागी टेकवून आकडे बोलायला सुरुवात केली. मदतनीस मुलगी लिहून घेत होती. तीन, दोन, चार. पाच, सहा, चार. दाढांपाशी सात. सात म्हणजे ७ मिलिमीटर, दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली. चांगल्या हिरडीत ती १ ते ३ असते, ४ पासून पुढे त्याला पॉकेट म्हणतात. मोजणी अर्ध्यावर असतानाच त्यांनी विचारलं, "शुगर किती असते?" मी फॉर्मवर मधुमेहाच्या चौकटीत खूण करायला विसरलो होतो. त्यांनी तोंडात बघून ओळखलं.

निदान पेरिओडोंटायटिस, म्हणजे आपला जुना पायरिया. चार बैठकांमध्ये हिरडीखालची सफाई झाली (स्केलिंग आणि रूट प्लॅनिंग). नंतर तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.६. आता श्रेय कुणाचं? चालणंही चालूच होतं, वाढवलेली गोळीही. त्यामुळे 'दात साफ केले आणि शुगर उतरली' असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण हिरडीचा आणि शुगरचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे हे मला ११ वर्षांनी कळलं, हे जरा जास्तच उशिरा झालं.

या मंचावर बरेच मधुमेही आहेत. तुमच्या हिरड्यांबद्दल कधी कुणी विचारलं का?

पिंपळपान

वाचनखूण साठवली आहे. नाही, कुणी विचारलेलं नाही. मला वाटायचं रक्त येणं म्हणजे क जीवनसत्त्व कमी. म्हणून त्याच्या गोळ्या घेतल्या, ब्रश अगदी मऊ घेतला आणि रक्त येतं त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं. रक्त थांबलं! (चुकलं का काही?)

दंतकथा

पेशाने दंतवैद्य. आयडी गंमत म्हणून घेतला होता, आता बदलता येत नाही.

पिंपळपान, चुकलंच. क जीवनसत्त्वाच्या अभावाने हिरड्या सुजतात हे खरं, पण त्या स्कर्व्हीचे पेशंट क्वचित दिसतात. नेहमीचं कारण हिरडीच्या कडेला साचलेला जंतूंचा थर. रक्त येतं तिथे ब्रश लावणं सोडलंत म्हणजे नेमका तिथलाच थर तुम्ही राखून ठेवलात. रक्त थांबलं असेल तर घासणं थांबलं म्हणून, आजार थांबला म्हणून नव्हे.

आता जंतूंबद्दल थोडं सविस्तर, कारण यात एक गंमत आहे. १६८३ साली लेवेनहूक या डच संशोधकाने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यातले वळवळणारे जीव बघून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. तो गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घासायचा, तरी दातांच्या फटींत थर होताच. तोच प्लाक. रोज काढला तर निघतो, राहिला तर लाळेतल्या कॅल्शियमने त्याचा दगड होतो. त्याला टार्टर म्हणतात, तो कुठल्याच ब्रशला दाद देत नाही.

तोंडात मिळून ७०० हून जास्त जातींचे जिवाणू सापडले आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काही तर कामाचे. हिरडीखाली हवा पोचत नाही, तिथे ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जाती माजतात. १९९८ मध्ये सोक्रान्स्की या दंतसंशोधकाने आणि सहकाऱ्यांनी या जातींचे रंगांप्रमाणे गट पाडले. खोल पॉकेटमध्ये एकत्र आढळणारं त्रिकूट लाल गटात: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनिमा डेंटिकोला.

गंमत ही, की यातल्या पहिल्याचं साखरेवाचून काही अडत नाही. तो प्रथिनांच्या तुकड्यांवर जगतो आणि त्याला लोह लागतं, तेही रक्तातलं. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या माध्यमावर त्याच्या वसाहती काळ्या पडतात, त्या रक्तातलं हीम (लोह असलेला भाग) पृष्ठभागावर साठवल्यामुळे. म्हणजे 'शुगर जास्त, म्हणून जंतूंना खाऊ जास्त' हा हिशोब दात किडण्याला लागू पडतो. हिरडीच्या आजारात तो पुरत नाही. हिरडी सुजली की रक्त, रक्त आलं की याची चंगळ, हा वाढला की सूज आणखी.

मग मधुमेह कुठे येतो? आपल्या बाजूच्या फौजेत. शुगर चढी राहिली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी उशिरा पोचतात, काम अर्धवट करतात आणि गेल्या पाहिजेत तेव्हा जात नाहीत. प्रथिनांना साखर चिकटून जी संयुगं तयार होतात (एजीई म्हणतात त्यांना) ती हिरडीतल्या कोलॅजनला (तिला घट्ट धरणाऱ्या प्रथिनाला) ताठर करतात आणि दाह पेटता ठेवतात. दाताभोवतीचं हाड जंतू कुरतडून खात नाही. हा न विझणारा दाह आपल्याच पेशींकडून ते विरघळवतो.

उलटी वाटही अशीच. सुजलेल्या हिरडीतून टीएनएफ-अल्फा, आयएल-६ अशी दाहाची रसायनं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचं म्हणणं पेशींना नीट ऐकू येईनासं होतं. आडवळण यांच्या दंतवैद्य बाईंनी शुगर विचारली ती यामुळे. पुष्कळ पॉकेटं, वरचेवर होणारी गळवं, टार्टर बेताचं असूनही हाडाची झीज जास्त, असं दिसलं की आम्ही विचारतोच.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण थोडं पाणी ओततो. मधुमेह्यांत हिरड्यांचा आजार जास्त, हे मान्य. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा या मूळनिवासी समाजाच्या दीर्घ अभ्यासात टाइप २ असणाऱ्यांना हा धोका साधारण तिप्पट निघाला होता, ते आकडे १९९१ पासून छापील आहेत. हॅराल्ड लो या दंतसंशोधकांनी १९९३ मध्ये याला मधुमेहाची 'सहावी गुंतागुंत' म्हटलं, तेही माहीत आहे.

पण एकत्र सापडणं आणि एकामुळे दुसरं होणं यात फरक आहे. जो माणूस शुगरकडे दुर्लक्ष करतो तो दातांकडेही करतो, सिगारेटही ओढत असतो. आणि हिरड्या सुधारल्या की शुगर उतरते म्हणता, तर २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ मधुमेह्यांवर चाचणी झाली होती. निम्म्यांना सफाई, निम्म्यांना सहा महिने थांबवून ठेवलं. एचबीए१सीमध्ये काडीचा फरक नाही. त्याचं काय?

दंतकथा

त्या चाचणीची आठवण काढलीत हे बरं केलं, आमच्यातले बरेच जण ती सोयीस्करपणे विसरतात. तिच्यावरचा मुख्य आक्षेप असा, की सफाईनंतरही त्या लोकांच्या दातांवर थर बराच उरला होता आणि हिरड्यांतून रक्तही येत होतं. म्हणजे उपचार दिला, पण आजार गेला नाही. शिवाय अनेकांची शुगर मुळात बऱ्यापैकी ताब्यात होती, तिथे उतरायला जागाच कमी.

२०१८ मध्ये लंडनची २६४ जणांची चाचणी आली. तिथे उपचार कसून केला, गरज पडली तिथे शस्त्रक्रियाही, आणि वर्षभर पाठपुरावा. १२ महिन्यांनी कसून उपचार झालेल्यांचं एचबीए१सी दुसऱ्या गटापेक्षा ०.६ ने कमी होतं. २०२२ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्यांचा एकत्र आढावा घेणारी संस्था) सगळं एकत्र करून पुन्हा मांडलं. हिरड्यांचा उपचार केलेले आणि न केलेले (किंवा नेहमीचीच देखभाल मिळालेले) असे ३५ अभ्यास, ३,२४९ माणसं. ३-४ महिन्यांनी सरासरी ०.४३ टक्के-अंकांनी घट, ६ महिन्यांनी ०.३०, १२ महिन्यांनी ०.५०. तुमची २०१३ ची चाचणीही त्यात धरलेली आहे.

शंकासुर

०.४३. म्हणजे ८.४ चे ८. आडवळण यांचे ७.६ झाले, उरलेलं त्यांच्या पायांनी केलं असं धरू. :)

तसा आकडा अगदीच टाकाऊ नाही. मधुमेहाच्या काही सौम्य गोळ्या याहून फार जास्त देत नाहीत. पण गोळी बंद करून कुणी दात घासत बसू नये एवढं इथे ठळक लिहा, लोक अर्धवट वाचतात.

आणि 'एकामुळे दुसरं होतं का' या माझ्याच प्रश्नावर मला पटलेला पुरावा उंदरांचा आहे. २०१७ मध्ये मधुमेही उंदरांच्या तोंडातले जिवाणू काढून जंतुमुक्त वाढवलेल्या धडधाकट उंदरांच्या तोंडात सोडले. निरोगी उंदरांचे जिवाणू ज्यांच्यात सोडले होते त्यांच्यापेक्षा यांचं जबड्याचं हाड जास्त झिजलं. त्यांना मधुमेह नव्हता, तरीही. म्हणजे शुगर नुसती फौज ढिली करत नाही, तोंडातली वस्तीही बदलून टाकते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे गृहीत धरा.

आडवळण

पायांनी केलं हे मान्य, पाय खूश झाले. गोळ्या माझ्या एकही बंद झालेली नाही, सगळ्या चालू आहेत. घ्या, ठळक लिहिलं.

सांजसावली

माझ्या मुलाला टाइप १ आहे, वय १३. ब्रश करताना रक्त येतं पण दात मजबूत आहेत. हा आजार मोठ्यांचाच ना? शिवाय पुढच्या वर्षी दातांना तारा लावायच्या आहेत.

दंतकथा

ताई, टाइप १ च्या मुलांमध्ये हिरड्यांची सूज लवकर सुरू होऊ शकते, वयात येताना तर आणखी. पण घाबरू नका. नुसती सूज आणि रक्त म्हणजे जिंजिव्हायटिस, तो पूर्ण बरा होतो. हाड गेलेलं नसतं. सफाई करून घ्या, रोज दोन वेळा दोन-दोन मिनिटं नीट ब्रश, की एक-दोन आठवड्यांत फरक दिसतो. हाड एकदा उतरलं की ते सहसा परत येत नाही, आम्ही फक्त पुढची झीज रोखतो. म्हणून या वयात आलात ते उत्तम. तारा हिरड्या शांत झाल्यावरच लावा, आणि लावल्यावर दातांमधल्या फटींसाठी बारीक इंटरडेंटल ब्रश हवाच.

रानवारा

मला मधुमेह ६ वर्षं आणि सिगारेट २५ वर्षं. हिरड्यांतून रक्ताचा थेंब येत नाही. म्हणजे मी या धाग्यातून सुटलो?

दुसरं, स्केलिंग केलं की दात सैल होतात म्हणतात. माझ्या भावाचे झाले. आधी गच्च होते.

दंतकथा

रानवारा, तुम्हीच तर पहिले पाहिजेत या धाग्यात. तंबाखूने हिरडीतला रक्तपुरवठा मंदावतो आणि रक्त येणं झाकलं जातं. आत हाड उतरत असतं आणि वर हिरडी फिकट, कडक, दिसायला ठणठणीत. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वर्गीकरणात हा आजार किती वेगाने वाढेल याची प्रत ठरवताना धोका वाढवणाऱ्या दोनच गोष्टी मुद्दाम विचारात घेतल्या आहेत: सिगारेट आणि मधुमेह. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी, किंवा एचबीए१सी ७ किंवा त्याच्या वर, की थेट सगळ्यात वेगवान 'सी' प्रतीत गणना. तुमच्याकडे दोन्ही असतील तर रक्ताची वाट बघू नका, खोली मोजून घ्या.

भावाचे दात गच्च होते ते टार्टरच्या प्लास्टरमुळे. भिंत आतून ढासळली असेल आणि गिलाव्यावर उभी असेल, तर गिलावा काढल्यावर ती हलणारच. तो काढल्याशिवाय आतली पडझड थांबत नाही. सफाईनंतर सूज उतरते, हिरडी आक्रसते, फटी दिसायला लागतात, गार लागलं की शिणशिणतं. हे सगळं होतं, आधी सांगायला हवं आणि बरेचदा आम्हीच सांगत नाही. तो आमचा दोष.

रानवारा

गिलाव्याची उपमा लागली. खोली मोजून घेतो. सिगारेटबद्दल इथे कुणी भाषण देऊ नये ही विनंती.

आजोबा_ऑनलाइन

आमची पूर्ण कवळी. दातच नाहीत, म्हणजे जंतूही नाहीत. मधुमेह २२ वर्षं. आम्ही पास झालो असं समजू का? हलके घ्या.

दंतकथा

काका, पायरियातून पास, तोंडातून नाही. कवळी रात्री काढून ठेवता का? शुगर जास्त आणि तोंड कोरडं असलं की कवळीखाली कँडिडा ही बुरशी धरते. टाळू लालभडक होतो, ओठांचे कोपरे चिरतात, जीभ आग आग करते. कवळी रोज घासून धुवा, रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवा. ती टोचून जखम झाली असेल आणि दोन आठवड्यांत भरली नाही, तर दाखवायलाच हवी.

कोरड हा वेगळाच विषय आहे. शुगर चढली की लघवीवाटे पाणी जातं आणि तोंड सुकतं. शिवाय लघवी होण्याच्या गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनीही लाळ कमी होते. लाळ कमी म्हणजे तोंडाची धुलाई कमी. अवांतर: रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांपैकी काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. तसं वाटलं तर गोळी स्वतः बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

पिंपळपान

मी आज रक्ताच्या बाजूला ब्रश लावला. रक्त आलं. धीर धरतोय.

एक प्रश्न. जंतूंचाच दोष असेल तर माउथवॉशने दिवसातून चारदा सगळे मारून टाकले तर? किंवा आठवडाभर अँटिबायोटिक?

दंतकथा

शाबास. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका, ४५ अंशांत धरा आणि जागच्या जागी हळू हलवा, आडवा खसाखसा नको.

माउथवॉश पॉकेटच्या तळाशी पोचत नाही. प्लाक एकमेकांना चिकटून बसलेली वस्ती आहे, वरचे मेले तरी खालचे सुखरूप. म्हणून हत्याराने खरवडावंच लागतं. क्लोरहेक्सिडिन चांगलं औषध आहे, पण थोड्या दिवसांसाठी, आम्ही सांगू तेव्हा. जास्त वापरलं तर दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. आणि सगळे मारायचेच नाहीत! जिभेवरचे काही जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यातून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. अँटिबायोटिक काही निवडक पेशंटना सफाईच्या जोडीला देतो. नुसतं घेऊन उपयोग नाही, मनाने घेऊन तर नुकसानच.

सांजसावली

आडवळण, तुमच्या बैठकांचा अनुभव लिहाल का? इन्सुलिनवरच्या मुलाला नेताना काय बघायचं?

आडवळण

हो, आणि माझा मूर्खपणाही लिहितो. पहिल्या बैठकीला मी सकाळी गोळी घेतली आणि नाश्ता टाळला. वाटलं, रिकाम्या पोटी तोंड स्वच्छ राहील, शिवाय रक्ततपासणीला सवयीने उपाशीच जातो की आपण. पाऊण तासाने खुर्चीत घाम फुटला, हात थरथरायला लागले. बाईंना वाटलं मी सुईला घाबरलो, मलाही तसंच वाटलं. मोजली तर शुगर ६२, म्हणजे फारच खाली. ग्लुकोज देऊन १५ मिनिटं बसवलं आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं.

तेव्हापासून सकाळची वेळ घेतो, नेहमीसारखं खाऊन आणि नेहमीची औषधं घेऊन जातो, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज खिशात. बसायच्या आधी मोजून आकडा सांगतो. सगळ्या गोळ्यांची यादी देतो. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही, हे मला तिथेच कळलं.

आणखी एक. भूल दिल्यावर ओठ दोनेक तास बधिर असतो, चावता येत नाही. पुढच्या जेवणाची वेळ त्यात अडकली तर पंचाईत. मुलाचं इन्सुलिन जेवणाच्या वेळेशी बांधलेलं असेल, तेव्हा त्याच्या डॉक्टरांना आधी विचारूनच वेळ ठरवा.

शंकासुर

हा परिच्छेद वर नेऊन ठेवा, संपादक. जगात १०० कोटींहून जास्त लोकांना तीव्र पेरिओडोंटायटिस आहे असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल म्हणतो. त्यातले कितीतरी मधुमेही रिकाम्या पोटी खुर्चीत बसत असतील.

आडवळण, सफाई झाली म्हणजे सुटलात की परत परत जायचं?

आडवळण

परत परत. बाई म्हणाल्या, हिरडीखालची वस्ती काही आठवड्यांत पुन्हा जमू लागते, म्हणून सध्या दर तीन महिन्यांनी. परवाच जाऊन आलो. पुन्हा ती सळई, पुन्हा आकडे. या वेळी मी डोळे मिटून ऐकत होतो. तीन, दोन, तीन. तीन, चार, तीन. बऱ्याच जागी रक्त नाही. पुढचा तो दात अजून किंचित हलतो, तसाच राहील म्हणाल्या, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधलाय. डावीकडची शेवटची दाढ मात्र अजून सहा. तिथे माझा ब्रश पोचत नाही, म्हणून एका दांड्यावरचा छोटा ब्रश दिलाय. एचबीए१सी पुढच्या महिन्यात आहे, आकडा इथेच टाकतो.